साठलेला दम

ओल्ड जो क्लार्क नावाची एक जुनी अमेरिकी चाल आहे. तिचे पहिले सात सूर आपल्या सरगमात मांडले तर ते प ध नी ध प म ग असे येतात, आणि त्यातला नी कोमल लागतो. मिरजेच्या आमच्या गाण्याच्या बाईंनी ती ऐकली असती, तर बाकीचे स्वर शुद्ध आणि निषाद तेवढा कोमल पाहून त्यांनी ती क्षणात खमाज थाटाच्या खणात टाकून दिली असती. माझ्याकडच्या डी पट्टीच्या हार्मोनिकावर, म्हणजे माउथ ऑर्गनवर, हे सात सूर काढायचे तर चौथ्या छिद्रात श्वास ओढायचा, पाचव्यात फुंकायचा, पाचव्यातच ओढायचा, पुन्हा पाचव्यात फुंकायचा, मग चौथ्यात ओढायचा, चौथ्यातच फुंकायचा आणि शेवटी तिसऱ्यात ओढायचा. ओढ, फुंक, ओढ, फुंक, ओढ, फुंक, ओढ. सावकाश वाजवायचे असेल तर शाळकरी मूल हे अर्ध्या तासात शिकते. ब्लूग्रास या वेगवान अमेरिकी संगीतातले वादक ज्या गतीने ही चाल वाजवतात त्या गतीने ती वाजवायला मला चार वर्षे लागली, आणि त्यांतली पहिली दोन वर्षे मी भलत्याच दुखण्यावर औषध घेत होते.

नोकरीच्या निमित्ताने मी उत्तर कॅरोलायनात आले तेव्हा ब्लूग्रास हा शब्द मला गवताच्या एका जातीपलीकडे ठाऊक नव्हता. मात्र इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनच्या वार्षिक महोत्सवाचे यजमानपद २०१३ ते २०२४ या काळात रॅली शहराकडे होते, आणि त्या दिवसांत शहराच्या मध्यभागी फेएटव्हिल स्ट्रीट वाहनांना बंद करून रस्त्यावरच रंगमंच उभारले जात. एका सप्टेंबरअखेरीस मी तिथे सहज फिरायला गेले आणि एका कोपऱ्यावर अडकले. रंगमंचावर कोणीच नव्हते. पदपथावर पाच-सहा माणसे गोल करून उभी होती आणि कोणाचेही कोणाकडे लक्ष नसल्यासारखी भयंकर वेगाने वाजवत होती. एका चालीच्या शेवटी त्यांतल्या एकाने उजवा पाय किंचित वर उचलला आणि सगळे एका ठोक्यावर थांबले. सम गाठणे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण पायाच्या इशाऱ्यावर गाठलेली ती सम पाहून मला हसूच आले.

या संगीताला वय फारसे नाही. केंटकीच्या रोझिन गावचा बिल मन्रो १९३९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात म्हणून त्याने आपल्या संचाचे नाव ब्लू ग्रास बॉइज ठेवले होते. पण आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणून ओळखतो तो आवाज १९४५ च्या डिसेंबरात जुळला, कारण तेव्हा आमच्याच राज्यातला, क्लीव्हलंड काउंटीतला, एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्या संचात आला. तो तीन बोटांत नख्या घालून बँजो असा वाजवे की सुरांची अखंड सर पडत राही. त्यानंतर या संगीताची वाद्ये जवळपास ठरून गेली: बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिनच, मँडोलिन, गिटार, उभा बास आणि पुढे डोब्रो ही आडवी धरून वाजवायची गिटार. त्या यादीत हार्मोनिका नाही. गंमत अशी की स्क्रग्ज येण्याच्या सुमारास मन्रोच्या संचात सॅली ॲन फॉरेस्टर नावाची बाई चक्क ॲकॉर्डियन वाजवत असे, म्हणजे सोवळे-ओवळे सुरुवातीला तितके कडक नव्हते. ते नंतर झाले. आज अनेक बैठकींत हार्मोनिका खिशातून बाहेर आली की दोन-तीन कपाळांवर आठ्या चढतात. आणि खरे सांगायचे तर त्या आठ्यांना कारण आहे, कारण हार्मोनिका हे फार लवकर वाजू लागणारे आणि फार उशिरा थांबता येणारे वाद्य आहे.

ज्या ऑप्रीत मन्रो नावारूपाला आला त्याच ऑप्रीचा पहिल्या काही वर्षांतला एक मोठा वादक मात्र हार्मोनिकावालाच होता. डिफर्ड बेली हा टेनेसीतला कृष्णवर्णीय कलावंत लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळला आणि पडल्यापडल्या हार्मोनिका शिकला. १९२७ च्या डिसेंबरात निवेदकाच्या तोंडून ग्रँड ओल ऑप्री हे नाव पहिल्यांदा निघाले, त्याच प्रसंगी बेलीने पॅन अमेरिकन या आगगाडीची हुबेहूब नक्कल करणारी आपली रचना वाजवली होती. ऑप्रीच्या दौऱ्यांत तो मन्रोबरोबरही हिंडला. १९४१ मध्ये त्याला काढून टाकले गेले आणि पुढे तो नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशच्या धंद्यावर जगला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले ते २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतली ती गाडी मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. ती वेग घेते तेव्हा वादकाच्या श्वासाचा ताण कुठेही ऐकू येत नाही. हा माणूस श्वास नेमका घेतो कधी, हा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचे उत्तर त्या प्रश्नातच लपलेले होते हे मला फार उशिरा कळले.

लहानपणी आमच्या घरी मामाचा माउथ ऑर्गन होता. राहुलदेव बर्मन यांनी हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य वाजवून त्याला जी प्रतिष्ठा दिली, तिचा प्रसाद म्हणून त्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या खिशात एकेक माउथ ऑर्गन आला असावा. मामाचा बाजा चोवीस भोकांचा, ट्रेमोलो जातीचा होता. त्यात एकेका सुरासाठी दोन पत्त्या असतात आणि त्या मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या असतात, म्हणून सूर थरथरत येतो. संथ गाण्याला तो शोभतो. ब्लूग्रासला लागणारा बाजा निराळा. तो मुठीत मावतो, त्याला दहाच छिद्रे असतात, प्रत्येक छिद्रात एक फुंकीची आणि एक ओढीची अशा वीस पितळी पत्त्या असतात आणि प्रत्येक पट्टीसाठी वेगळा नग विकत घ्यावा लागतो. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी १८५७ मध्ये सुरू झालेल्या होनर कंपनीने १८९६ मध्ये बाजारात आणलेला मरीन बँड हा त्याचा अजूनही चालणारा नमुना आहे.

या वाद्याच्या सुरांची मांडणी वरवर सोपी दिसते. चौथ्या छिद्रापासून सुरुवात केली की सा फुंकीत, रे ओढीत, ग फुंकीत, म ओढीत, प फुंकीत, ध ओढीत असे झोपाळ्यासारखे पुढे जाता येते, आणि आता सातव्या छिद्रावर नी फुंकीत मिळेल अशी तोंडाची खात्री झालेली असते. तो तिथे नसतो. सहाव्यात ध ओढून झाल्यावर सातव्यातही ओढायचेच असते, तेव्हा नी येतो, आणि मग त्याच छिद्रात फुंकले की वरचा सा. सहावे ओढ, सातवे ओढ, सातवे फुंक. हा एक खड्डा चुकवायला माझे सहा महिने गेले. खालच्या सप्तकात तर म आणि ध हे दोन सूर मुळातच नाहीत. ज्या कारागिरांनी ही रचना केली त्यांना खालच्या बाजूला साथीची स्वरसंगती हवी होती. डोंगराळ मुलखातल्या फिडलच्या तुफानी चाली तिच्यावर वाजवण्याचा विचार त्यांनी का करावा?

म्हणून येथले वादक एक युक्ती करतात. ज्या पट्टीत गाणे आहे त्या पट्टीचा बाजा न घेता तिच्या मध्यमाच्या पट्टीचा घेतात, म्हणजे चाल ए मध्ये असेल, आपल्या भाषेत पांढरी सहा, तर बाजा डीचा, पांढरी दोनचा. याला दुसरी पोझिशन म्हणतात. मग षड्ज दुसऱ्या छिद्राच्या ओढीवर येतो, ग तिसऱ्याच्या ओढीवर, प चौथ्याच्या ओढीवर, आणि पाचव्याच्या ओढीवर आपोआप कोमल निषाद मिळतो. खमाजाची अशी आयती सोय झाल्यावर ओल्ड जो क्लार्क या बाज्यासाठीच बांधली की काय असे वाटावे. फक्त खालचा रे कुठे सापडत नाही. तो तिसऱ्या छिद्रात जिभेचा मागचा भाग खाली दाबून, ओढीचा सूर दोन श्रुतींनी नव्हे तर चांगला पूर्ण एक स्वर खाली वाकवून काढावा लागतो. संथ लयीत ही मींड काढायला सुख वाटते. वेगात मात्र रे कधी रे होतो, कधी रे आणि ग यांच्यामध्ये लोंबकळत राहतो.

वेग म्हणजे किती, तेही सांगते. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर लावला आणि एका ठोक्यात चार सूर घेतले, तर सेकंदाला आठ सूर होतात. फिडलच्या बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग सोळा ठोक्यांचा, आणि प्रत्येक दोनदा वाजतो. म्हणजे सबंध चाल बत्तीस सेकंदांत संपते आणि तेवढ्यात भरगच्च वाजवले तर २५६ सूर होतात. गायनात मी जिला चौगुन म्हणायला शिकले तीच ही, पण इथे ठाय लय कोणी आधी दाखवत नाही आणि विलंबित तर नावालाही नाही. किराणा घराण्याच्या संथ आलापीचा वारसा सांगणाऱ्या गावातून आलेल्या बाईने याच्या नादी लागावे, याचे आमच्या घरी अजून नवल केले जाते.

सराव मी ऑफिसच्या वाहनतळात करत असे. दुपारच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत उरकून गाडीच्या काचा वर करून मी बसे आणि मेट्रोनोम साठावर लावून सुरुवात करी. साठावर स्वच्छ आले की चौसष्ट, मग अडुसष्ट. हीच रीत सर्वत्र सांगितली जाते आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, पण ब्याण्णववर माझी गाडी रुतली ती आठ महिने हलली नाही. ब्याण्णवच्या पुढे गेले की दुसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर छाती घट्ट होई, ओठांची पकड सुटे, एका सुराऐवजी दोन वाजत आणि मी थांबून धापा टाकत असे. मी त्याचा सरळ अर्थ लावला. माझा दम कमी पडतो. मग दम वाढवण्याचे सगळे उपाय झाले. पहाटे उठून प्राणायाम केला, आठवड्यातून तीनदा पोहायला गेले, जिने चढले. तब्येत उत्तम झाली. चाल ब्याण्णववरच राहिली.

त्या अवस्थेत मी पहिल्या जॅमला, म्हणजे एकत्र जमून वाजवण्याच्या बैठकीला, गेले, आणि जाऊ नये त्या अवस्थेतच माणसे अशा ठिकाणी जातात. एका दुकानाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दहा-बारा मंडळी जमत. शिष्टाचार कोणी सांगत नाही, तो पाहून शिकायचा असतो: जो चाल सुचवतो तो पट्टी सांगतो आणि उठान करतो, मग गोलात एकेकाला नजरेने किंवा हनुवटीने खूण होते आणि ज्याला खूण झाली त्याने आपला फेरा वाजवायचा, ज्याला ते ब्रेक म्हणतात. बाकीच्यांनी तोवर आवाज खाली ठेवून साथ करायची. बास ठोक्यावर, मँडोलिन दोन ठोक्यांच्या मधोमध, तारा दाबून काढलेल्या कोरड्या खटक्यासारखा. मला खूण झाली तेव्हा मी पहिल्या भागाचे दुसरे आवर्तन चालू असताना दुसऱ्या भागात शिरले, माझ्या लक्षात आले, परत फिरले, तोवर संच दुसऱ्या भागात पोचला होता. सोळा ठोके मी आणि ते दहा जण समोरासमोरच्या रुळांवरून गेलो. कोणी काही बोलले नाही. शेजारच्या मँडोलिनवाल्या बाईंनी पुढच्या फेऱ्यात माझ्याकडे पाहण्याचे सौजन्याने टाळले, आणि ते मला जास्त लागले.

निघताना बँजो वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ, टपालखात्यातून निवृत्त झालेले, माझ्याबरोबर वाहनतळापर्यंत आले. त्यांनी मला सांगितले की मेट्रोनोमची पायरी-पायरी तात्पुरती सोडून दे. पूर्ण वेगाने फक्त चार सूर वाजव आणि पाचव्यावर थांब. थांबून सगळे सैल सोड. मग पुढचे चार. सावकाश चालताना पाय जसा पडतो तसा धावताना पडत नाही, म्हणून चालण्याचा सराव कितीही केला तरी धावणे आपोआप येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला गाडीत बसल्यावर आठवले ते वेगळेच. तानेचे पलटे घोटून घेताना आमच्या बाई नेमके हेच करवून घेत. चार स्वरांचा एक तुकडा, तो दाणेदार, म्हणजे ज्वारीच्या कणसातल्या दाण्यांसारखा प्रत्येक सुटा दिसणारा, आणि तुकड्याच्या शेवटी उभे राहायचे. मी पुढे पळू लागले की त्या म्हणत, "अगं, दम धर." बारा वर्षांची असताना मला वाटे की त्या मला धीर धरायला सांगत आहेत. कदाचित तेवढेच सांगत असतील. पण मराठीत दम धरणे म्हणजे श्वास रोखून ठेवणेही होते, आणि मी हार्मोनिकावर नकळत तेच करत होते, हे समजायला मात्र मला एक बाजा बिघडवावा लागला.

झाले असे. तो हरवलेला रे मला सतावत होता. ब्रेंडन पॉवर या वादकाने रूढ केलेली पॅडी रिक्टर नावाची एक जुळणी आहे. तिच्यात तिसऱ्या छिद्राच्या फुंकीचा सूर एक पूर्ण स्वर चढवून घेतात आणि मग दुसऱ्या पोझिशनमध्ये तो हरवलेला रे जिभेची कसरत न करता सरळ फुंकीत मिळतो. मी माझा जुना डी उघडला. पितळी पत्तीखाली पातळ पोलादी पट्टी सरकवली आणि पत्तीच्या मोकळ्या टोकाकडचे धातू बारीक कानशीने खरवडू लागले, कारण टोक हलके झाले की सूर चढतो आणि रिव्हेटकडची बाजू खरवडली की उतरतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून, ट्यूनरची सुई पाहत मी तो एक सूर तासाभरात वर नेला. पितळेचा जो चुरा कागदावर पडला तो हळदीच्या चिमटीएवढाही नव्हता. रे लागला तेव्हा मी घरच्यांना हाका मारून बोलावले.

आणि त्या बाज्यावर ओल्ड जो क्लार्क पूर्वीपेक्षा वाईट वाजू लागली. रे स्वच्छ येत होता, पण छाती आता दुसऱ्या आवर्तनाऐवजी पहिल्याच आवर्तनात घट्ट होई. मी पुन्हा दमाला दोष दिला. मग एका दुपारी गाडीत, घाईघाईने थांबल्यावर, मी सवयीने मोठा श्वास घ्यायला गेले आणि माझ्या लक्षात आले की मला श्वास घेताच येत नाही. जागाच नव्हती. फुप्फुसे काठोकाठ भरलेली होती. थांबल्यावर मी आजवर ज्या धापा टाकत होते त्यांची सुरुवात दरवेळी श्वास सोडण्यानेच होत असे, आणि दोन वर्षांत मी हे एकदाही पाहिले नव्हते.

मग कागद घेऊन मांडणी केली. या पोझिशनमध्ये सा, ग आणि प हे तिन्ही ओढीचे. चाल जिथे जिथे टेकते ती ठिकाणे हीच. मधले म आणि ध फुंकीचे असले तरी ते पळते सूर, त्यांच्यात हवा जेमतेम चिमूटभर बाहेर पडते, आणि विसावा आला की पुन्हा ओढ. प्रत्येक फेऱ्यात जमा जास्त आणि खर्च कमी. फिडलवाला वाजवताना हवा तेव्हा श्वास घेतो आणि बासरीवाला दोन वाक्यांच्या मध्ये घेतो. हार्मोनिकावर श्वास घेणे आणि सोडणे हेच वाजवणे असल्यामुळे किती हवा आत यावी हे चाल ठरवते, तुम्ही नाही. बेलीच्या गाडीबद्दलच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. तो श्वास वेगळा घेतच नव्हता.

आणि पॅडी रिक्टरने नेमके काय केले तेही त्या कागदावर दिसले. साध्या जुळणीत दुसऱ्या छिद्राची ओढ आणि तिसऱ्याची फुंक यांचा सूर एकच असतो. म्हणजे षड्ज दोन ठिकाणी मिळतो, एकदा श्वास आत घेऊन आणि एकदा बाहेर सोडून. ती तिसऱ्याची फुंक ही कुकरची शिट्टी होती. पूर्वी मी अजाणता अधूनमधून तिच्यावर सा घेत असे आणि तेवढी वाफ निघून जाई. रेच्या लोभाने मी ती शिट्टीच बंद करून टाकली होती. ही जुळणी वाईट आहे असे मुळीच नाही. पुष्कळ उत्तम वादक ती वापरतात आणि ज्या चालींत शुद्ध निषाद हवा तिथे पाचव्याची ओढ अर्धा स्वर चढवून घेण्याची दुसरी एक जुळणीही प्रचलित आहे. पश्चिम व्हर्जिनियात जन्मलेले चार्ली मकॉय, ज्यांनी फिडलच्या चाली या बाज्यावर एकेक सूर सुटा ठेवून वाजवण्याचा दंडक घालून दिला, त्यांच्या वादनात ती ऐकू येते. मी मात्र माझा दुसरा, न खरवडलेला डी काढला आणि चालीत प्रत्येक आवर्तनात दोन ठिकाणे ठरवली, जिथे षड्ज फुंकीतच घ्यायचा. शिवाय टेकण्याच्या सुरांवर ओढ अगदी बारीक ठेवायची, कढत चहा बशीतून भुरकताना ओढतो तेवढीच, आणि खटक्याच्या जागी नाकाने थोडी हवा सोडून द्यायची. पंधरवड्यात मी १०४ वर होते. रे अजूनही वाकवूनच काढते आणि तो दहातून आठ वेळा लागतो.

हिशेब कळला म्हणून प्रत्येक चाल सोपी झाली असे नाही, कारण प्रत्येकीचे खाते निराळे असते. सोल्जर्स जॉय ही डी मधली चाल मी डीच्याच बाज्यावर वाजवते. तिथे सा, ग आणि प हे तिन्ही फुंकीचे, आणि चाल सुरुवातीलाच या तिघांवर वर-खाली उड्या मारत राहते. दोन-तीन सेकंदांत माणूस रिकामा. इथे खरोखरच दम कमी पडतो, आणि उपाय नेमका उलटा करावा लागतो, म्हणजे उठानाच्या आधी छाती अर्धी भरून ठेवायची आणि पहिला रे किंवा ध येताच थोडे जास्त ओढून घ्यायचे. नव्या चालीचे सूर बसवण्याआधी मी आता तिचे जमाखर्च मांडते. आमच्या गुरुवारच्या मंडळींना माझ्या वहीतली ही बाण काढलेली पाने एकदा दिसली तेव्हा त्यांनी ती हातोहात फिरवली. त्यांना हे सगळे अघोरी वाटले असावे.

या वाटेवर मला ज्या एका माणसाचा आधार वाटला तो हार्मोनिकासाठी प्रसिद्ध नाही. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या डीप गॅपचे डॉक वॉटसन तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते, आणि लहानपणी दर नाताळला त्यांना एक नवी हार्मोनिका मिळे. पुढे १९५० च्या दशकात ते ज्या नृत्याच्या संचात गिटार वाजवत त्यात फिडलवालाच नव्हता. नाचणाऱ्यांना तर फिडलच्याच चाली हव्या असत. म्हणून त्यांनी त्या गिटारवर बसवल्या, आणि ज्या वाद्याचे काम तोवर साथीपुरते मानले जाई ते त्यांच्या हातून पुढे आले. त्यांच्या मुलाच्या स्मरणार्थ १९८८ पासून विल्क्सबरो येथे भरणाऱ्या मर्लफेस्टला मी दोनदा गेले आहे. तिथल्या हिरवळीवर तिन्हीसांजेला जागोजागी जे गोल जमतात त्यांत मी बाजा खिशात ठेवून नुसती उभी राहते. गाणारा गात असताना हार्मोनिकाने गप्प बसायचे असते, दुसऱ्याचा ब्रेक चालू असताना फार तर मँडोलिनसारखा कोरडा खटका हाताच्या ओंजळीत दाबून द्यायचा असतो, हे मी वाजवून शिकले त्यापेक्षा अशा उभे राहण्याने जास्त शिकले.

गेल्या हिवाळ्यात त्याच मागच्या खोलीत बँजोवाल्या आजोबांनी ओल्ड जो क्लार्क सुचवली. ए मध्ये, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून जरा जोरातच उठान केले. मी नंतर ध्वनिमुद्रणावरून मोजले तेव्हा लय ११२ भरली. फिडल, मँडोलिन, मग हनुवटी माझ्याकडे वळली. चार ओढ, पाच फुंक, पाच ओढ. पहिल्या आवर्तनात रे हुकला आणि ग झाला, तो चालून गेला. ठरवलेल्या दोन्ही जागी षड्ज फुंकीत घेतला, आणि दुसऱ्या भागात शिरताना माझ्या लक्षात आले की छाती सैल आहे आणि मला शेजारच्या बासचा ठोका जमिनीतून पायांत येताना जाणवतो आहे, जो त्याआधी वाजवताना मला कधी ऐकूही आला नव्हता. शेवटच्या सुरावर मी नाकाने उरलेली हवा सोडली आणि गिटारवाल्याकडे पाहिले. तो आधीच सुरू झाला होता. मँडोलिनवाल्या बाईंनी मान न वळवता एक भुवई वर केली.

आजोबांनी पाय उचलला, चाल थांबली, आणि कोपऱ्यातल्या एका तरुणाने पुढचे गाणे सुचवून पट्टी सांगितली: बी, म्हणजे पांढरी सात. त्याला ईचा बाजा लागतो. माझ्या पिशवीत जी, ए, सी आणि डी होते. मी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि ऐकत बसले.